बसण्याची गरज शून्य

मी मुळात चिडका माणूस नाही. हे वाक्य मी घरात उच्चारलं की बायको स्वयंपाकघरात एखादं भांडं जरा जोरात ठेवते, पण तो तिचा प्रश्न आहे. मी एका विमा कंपनीच्या दावे विभागात बावीस वर्षं काम करतोय. लोक दावा करतात आणि तो का मंजूर होऊ शकत नाही, हे मी त्यांना लेखी कळवतो. असल्या कामात राग परवडत नाही. पण आमच्या इमारतीमागच्या कोपऱ्यावरचा बाक गेला आणि तिथे तो खांब आला, त्या दिवशी माझ्या तळपायाची आग जी मस्तकात गेली ती अजून तिथेच मुक्कामाला आहे.

बाक साधाच होता. लोखंडी पाय, लाकडाच्या पाच पट्ट्या, त्यातली एक वेगळ्याच रंगाची, कुणीतरी नंतर बसवलेली. पाच आठवड्यांपूर्वी शहर शहाणं करायच्या योजनेतली माणसं गाडी घेऊन आली, बाकाचे पाय त्यांनी जमिनीलगत कापले आणि तिथे पुरुषभर उंचीचा चकचकीत खांब रोवला. खांबाला पडदा आहे, कॅमेरा आहे, वर आवाजही आहे. हवेत धूळ किती, ऊन किती, गाडी लावायला जागा किती, हे तो कुणी न विचारता सांगत असतो. त्याच्या पोटावर निळ्या अक्षरांत लिहिलंय, 'तुमची गरज, तुमचं शहर'. लोकांनी दुसऱ्याच दिवशी त्याचं नाव शहाणा ठेवलं, आणि ते कौतुकाने ठेवलेलं नाही.

आता एका बाकासाठी एवढा थयथयाट कशाला, असं ज्याला वाटत असेल त्याने आमच्या नानांना येऊन बघावं. नाना म्हणजे माझे वडील. वय अठ्ठ्याहत्तर. जन्मभर त्यांनी घड्याळं दुरुस्त केली. बोलणं कमी, हसणं त्याहून कमी, आणि आकड्याच्या बाबतीत शब्द म्हणजे दगडावरची रेघ. आमच्या दारापासून जिना उतरून, फाटकातून बाहेर पडून, इमारतीला वळसा घालून बागेपर्यंत चारशे दहा पावलं होतात, हा आकडा त्यांचा आहे. त्यांचा उजवा गुडघा दोनशे पावलांपर्यंत साथ देतो, मग संपावर जातो. बाक दोनशेव्या पावलावर होता. रोज सकाळी साडेपाचला नाना काठी घेऊन बाहेर पडायचे, बाकावर टेकायचे, बागेत फेऱ्या मारून आठला परत यायचे. बाक गेल्यापासून ते घराबाहेर पडलेले नाहीत. पाच आठवडे. मागच्या खोलीत खिडकीशी बसून असतात. दाढीसुद्धा दोन-दोन दिवस करत नाहीत.

डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, "चालणं सुटलं तर पाय आखडतील. आखडले की पलंग धरतील. आणि या वयात पलंग धरलेला माणूस पुन्हा उठेल याची खात्री मी देत नाही. त्यांना बाहेर काढा."

मी काढायला गेलो, तर नाना म्हणाले, "बसायचं कुठे?"

ज्याने हा खांब आखला त्याला बाप नसावा, किंवा असला तर तो गाडीतूनच फिरत असावा. शहराला धूळ मोजता येते, पण म्हाताऱ्या माणसाचा गुडघा मोजता येत नाही. त्या पाच आठवड्यांत घरात एकच चांगली गोष्ट घडली होती, ती म्हणजे मला सकाळी गाढ झोप लागायला लागली होती. पण तेवढ्याने काय होतंय?

तेव्हा मी ठरवलं की बाक परत आणायचा. अर्ज लिहिण्यात माझा हात धरणारा आमच्या इमारतीत कुणी नाही. शहराने तक्रारींचं ॲप काढल्यापासून तर मी त्यावर इतक्या तक्रारी केल्या आहेत की मलाच आठवत नाही. भुंकणारा कुत्रा, ठिबकणारी टाकी, पलीकडच्या गच्चीवरून उडून येणारी पानं. नागरिकाने जागरूक असावं, या मताचा मी आहे. म्हटलं, हा अर्ज म्हणजे आपल्या डाव्या हातचा मळ.

आधी शहाण्याकडेच गेलो. समोर उभा राहताच तो म्हणाला, "नमस्कार, नागरिक. आपली गरज निवडा."

पडद्यावर आठ चौकोन आले. दिवे, पाणी, कचरा, हवा, वाहन, इंटरनेट, सुरक्षितता आणि आनंद. बसणं कुठेच नाही. म्हणजे या शहरातल्या माणसाला हवा खायची गरज आहे, आनंदी राहायची गरज आहे, पण बूड टेकायची गरज नाही! त्यातल्या त्यात जवळचा म्हणून मी 'आनंद' दाबला. शहाणा म्हणाला, "कृपया कॅमेऱ्याकडे पाहा." मी पाहिलं. पडद्यावर एक चाक फिरलं आणि तो म्हणाला, "आपण आनंदी नाही. नोंद घेतली आहे. धन्यवाद."

मी त्याला एक लाथ घातली. पायाचा अंगठा सुजला, हे वेगळं.

लंगडत जिना चढताना शेजारी भेटलेच. दुसऱ्याचा पाय सुजलेला दिसला की आमच्या जिन्यात सल्ल्यांचं दुकान उघडतं. वरच्या मजल्यावर निवृत्त हेडमास्तर राहतात. ते म्हणाले, "मागणी सार्वजनिक भाषेत करा. 'माझे वडील' लिहू नका, 'ज्येष्ठ नागरिक' लिहा. वडील एकटे असतात, ज्येष्ठ नागरिक असंख्य असतात." तळमजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "त्यापेक्षा गरोदर बायका घाल. त्यांना कुणी नाही म्हणत नाही." मी म्हटलं, "काकू, आपल्या गल्लीत गरोदर कोण आहे?" त्या म्हणाल्या, "सरकारला काय माहीत?" इमारतीची वायरिंग बघणारा वायरमन म्हणाला, "साहेब, इंटरनेटमध्ये टाका. लिहा, उभ्याने नेट बघताना लोकांचा तोल जातो, तरी बाक द्यावा. नेटसाठी ते काय वाट्टेल ते देतात."

मला कुणी अर्ज शिकवावा, हे मला मुळीच आवडलं नाही. मी 'सुरक्षितता' या सदराखाली माझ्या पद्धतीने दीड पानी अर्ज केला. तीन मिनिटांत उत्तर आलं. 'आपली गरज उपलब्ध यादीत नसल्याने ती निर्माण झालेली नाही. प्रत्यक्ष भेटीसाठी गरज कक्षाशी संपर्क साधावा.' बावीस वर्षांत मी इतकं पक्कं नकारपत्र लिहू शकलेलो नाही, हे मी रागाच्या भरातही मान्य करतो.

गरज कक्ष एका काचेच्या इमारतीत आठव्या मजल्यावर आहे. कार्यालयात अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी तिथे गेलो. आत उंच-उंच टेबलं होती, त्यांच्याभोवती माणसं उभी होती आणि खुर्ची म्हणून कुठे नव्हती. मी शिपायाला विचारलं, तर तो म्हणाला, "इथे सगळ्या बैठका उभ्यानेच होतात. काम लवकर उरकतं." तासाभराने माझा नंबर लागला. गरज अधिकारी म्हणून एक तरुण बाई होत्या, बोलणं साखरेत घोळलेलं. अशा माणसांवर ओरडताही येत नाही, म्हणून मला ती जास्त डाचतात.

"सर, तुमचा कोपरा बघूया हं," असं म्हणून त्यांनी पडद्यावर आमचा कोपरा आणला. "हे बघा. गेल्या पाच आठवड्यांत इथून नऊ हजार माणसं गेली. त्यांतली बसली किती? एकही नाही. तुमच्या कोपऱ्यावर बसण्याची गरज शून्य आहे, सर."

मी म्हटलं, "बाई, पाच आठवड्यांपूर्वी तुम्ही तिथला बाक कापून नेलात. बसणार कशावर?"

"तो वेगळा विभाग आहे, सर. मी फक्त गरज बघते."

"अहो, विहीर बुजवायची आणि मग म्हणायचं, इथे पाणी भरायला कुणी येत नाही!"

"पाण्याची गरज तुम्ही खांबावर नोंदवू शकता," त्या अगदी मनापासून म्हणाल्या.

माझा चेहरा बघून असेल, त्यांनी एक वाट दाखवली. सलग चौदा दिवस, दिवसाला किमान बारा माणसं त्या जागी बसलेली खांबाला दिसली, तर गरज आपोआप सिद्ध होते आणि मग बाक आपोआप मंजूर होतो. मी म्हटलं, "म्हणजे बाक मिळवायचा तर आधी बाकाशिवाय बसून दाखवायचं?" त्या म्हणाल्या, "अगदी बरोबर समजलात, सर." वर घरी पोचेपर्यंत मोबाइलवर संदेश हजर, 'आजच्या भेटीबद्दल आपण किती समाधानी आहात?' या संदेशांना पाच तारे दिले नाहीत तर हे लोक रोज फोन करतात, हा माझा अनुभव आहे. म्हणून आला संदेश की न वाचता पाच तारे देऊन मी मोकळा होतो. तसे दिले.

त्या संध्याकाळी मी जिन्यात सभा घेतली आणि बसणाऱ्यांची पाळी लावली. सकाळी हेडमास्तर, मग काकू आणि त्यांच्या दोन बहिणी, दुपारी वायरमन आणि त्याचे भाऊबंद, संध्याकाळी मी. जेवणाच्या टेबलाच्या चार खुर्च्यांपैकी दोन मी खाली नेल्या. बायको दारात उभी होती. म्हणाली, "अहो, खुर्च्या माझ्या माहेरच्या आहेत. गेल्या तशा परत आल्या पाहिजेत."

नाना खिडकीतून हे सगळं बघत होते. मी वर पाहून ओरडलो, "नाना, चौदा दिवस थांबा, बाक आणतो!" त्यांनी मान वळवली आणि आत पाहिलं. मला वाटलं, त्यांना भरून आलं असावं.

पहिल्या दिवशी सकाळी हेडमास्तर खुर्चीत बसून वर्तमानपत्र वाचत असताना पिवळी गाडी आली. गाडीतला माणूस उतरला, हातातल्या यंत्रात बघून म्हणाला, "काका, उठा. बेवारस वस्तू उचलायचीय."

हेडमास्तर म्हणाले, "बेवारस? मी बसलोय ना हिच्यावर!"

"तुम्ही बेवारस नाही, खुर्ची बेवारस आहे. पंधरा मिनिटं एका जागची हलली नाही की ती बेवारस. शहाण्याने कळवलंय."

"पण माझ्यासारखा माणूस वर बसलेला दिसत नाही का त्याला?"

"त्याने खुर्चीची नोंद केलीय. तुमची नाही केली," तो माणूस म्हणाला आणि त्याने हेडमास्तरांना हाताला धरून अलगद उठवलं. ज्या माणसाने पस्तीस वर्षं मुलांना बाकावर उभं केलं, त्याला भर रस्त्यात खुर्चीवरून उठवलं.

खुर्च्या सोडवायला मी गोदामात गेलो. खिडकीतला कारकून म्हणाला, "मालकीचा पुरावा? खरेदीची पावती?" मी म्हटलं, "चौदा वर्षांपूर्वीच्या खुर्चीची पावती कोण ठेवतं?" तो शांतपणे म्हणाला, "मग ही खुर्ची तुमचीच कशावरून?" हे वाक्य माझं आहे. कार्यालयात दिवसातून दहा वेळा मी ते वापरतो. ते कानाला इतकं वाईट लागतं, हे मला ठाऊक नव्हतं. खुर्च्या तिथेच राहिल्या. घरी काय झालं ते मी सांगत नाही, एवढंच सांगतो की दुसऱ्या दिवशी मी डबा न घेता कामावर गेलो.

वायरमनने तोड काढली. खुर्चीच नको, जमिनीवर बसू, चटई टाकून. माणसाला कोण बेवारस म्हणणार? दुसऱ्या दिवशी हेडमास्तर पुन्हा तयार झाले, कारण आता त्यांनाही प्रश्न इभ्रतीचा वाटू लागला होता. ते चटईवर मांडी घालून बसले. दहा मिनिटं झाली आणि भोंगा वाजवत रुग्णवाहिका आली. शहाण्याचा हिशेब असा की माणसाचं डोकं जमिनीपासून तीन फुटांच्या आत दहा मिनिटं राहिलं, तर माणूस कोसळला!

"मी बसलोय," हेडमास्तर ओरडले.

"हो काका, घाबरू नका, सगळे असंच म्हणतात," म्हणत दोघांनी त्यांना स्ट्रेचरवर घेतलं. मी आडवा गेलो. ते म्हणाले, "बाजूला व्हा. बोलावलेली गाडी रिकामी नेता येत नाही." दवाखान्यात तपासलं, तर हेडमास्तरांचा रक्तदाब खरंच एकशे नव्वद निघाला. तो रागाने वाढला होता, पण यंत्रात राग लिहायला जागा नव्हती, म्हणून त्यांना दोन दिवस ठेवून घेतलं. तिसऱ्या दिवशी काकूंच्या धाकट्या बहिणीला नेलं. चौथ्या दिवशी वायरमनला नेलं. तो बसलेलासुद्धा नव्हता, दहा मिनिटं वाकून न गुंडाळली जाणारी चटई गुंडाळत होता.

पाचव्या दिवशी सकाळी खाली गेलो, तर शहाण्याभोवती कंबरेएवढा लाल कठडा उभा. वर पाटी, 'सावधान. या ठिकाणी नागरिक वारंवार कोसळतात. थांबू नये.' आणि खांब स्वतः येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता, "कृपया थांबू नका. पुढे चला. कृपया थांबू नका."

आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. आम्ही बाक मागायला गेलो आणि उभं राहायची जागाही घालवून बसलो. मी वर पाहिलं. खिडकीत नाना होते. पाच दिवसांची दाढी. आणि मला डॉक्टरांचं बोलणं आठवलं, कारण आदल्याच दिवशी नाना पलंगावरून उठून न्हाणीघरापर्यंत जायला दोनदा भिंतीला टेकले होते. घरातल्या घरात, वीस पावलांवर.

मग मात्र माझं डोकं फिरलं. मी हेडमास्तरांना घेतलं, काकूंना घेतलं, वायरमनला घेतलं आणि थेट आठवा मजला गाठला. नंबरबिंबर काही नाही. साखरेच्या बाईंच्या टेबलावर हात आपटून म्हणालो, "गरज वगैरे राहू द्या. मला एवढंच सांगा, बाक काढला कुणी? कुणाची गरज होती ती? कुणा शहाण्याच्या डोक्यातून निघालं हे? माझा बाप पलंग धरतोय, बाई! त्याचं नाव द्या मला, त्याला मी आमच्या घरी नेतो आणि नानांसमोर उभा करतो!"

माझ्या मागून काकू म्हणाल्या, "बरोबर बोलतोय तो."

बाईंचा आवाज पहिल्यांदाच जरा चढला. "सर, आम्ही मनाने काहीच काढत नाही. हे शहर नागरिकांच्या गरजेवर चालतं. बाक हटवला तो नागरिकाच्या तक्रारीवरून. वर्षभरापूर्वीची तक्रार आहे, पाच आठवड्यांपूर्वी तिचा निकाल लागला."

"कोण तो नागरिक? कागद काढा!"

"तक्रारदाराचा कागद दाखवता येत नाही, सर," म्हणत त्यांनी पडद्यावर बोट फिरवलं, थांबल्या, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा पडद्याकडे पाहिलं. मग आवाज एकदम खाली आणून म्हणाल्या, "पण तुम्हाला दाखवता येईल." आणि कागद छापून त्यांनी तो माझ्या हातात दिला, उलटा, कोरी बाजू वर ठेवून. त्यांनी तेवढं केलं, हे मी विसरणार नाही.

कागदावर लिहिलं होतं, 'इमारतीमागील सदर बाकावर दररोज सकाळी सहा वाजल्यापासून काही रिकामटेकड्या इसमांचे टोळके जमते. सदर इसम मोठमोठ्याने हसत असल्याने कामकरी नागरिकांची झोपमोड होते. तरी सदर प्रकाराचा कायमचा बंदोबस्त करण्यात यावा.'

नाव वाचायच्या आधी मला भाषा ओळखू आली. चार ओळींत तीन 'सदर' लिहिणारा माणूस आमच्या भागात एकच आहे. खाली घर क्रमांक होता. त्याखाली निकालानंतरचा अभिप्राय होता, पाच तारे.

"कोण आहे तो मेला?" काकूंनी विचारलं.

"छपाई पुसट आहे," मी म्हणालो.

हेडमास्तरांनी चष्मा काढून हात पुढे केला. मी कागदाच्या चार घड्या घातल्या आणि खिशात टाकला. माझा असा आवाज त्यांनी कधी ऐकला नसावा, कारण कुणी आग्रह केला नाही. चौघेही लिफ्टने गुपचूप खाली उतरलो.

मला ती हसणारी टोळी आठवत होती. रोज सकाळी सहाला खिडकीखालून हास्याचा स्फोट व्हायचा. माझ्या खिडकीसमोरच्या झाडामुळे खालचं काही दिसायचं नाही, आणि उठून बघायचे कष्ट मी घेतलेच नव्हते. एकाचं हसणं तर असं होतं की सुरू झालं की थांबायचंच नाही, मध्येच खोकला यायचा आणि खोकून झालं की पुन्हा तिथूनच पुढे सुरू. त्या एका माणसासाठीच मी ती तक्रार लिहिली होती. पण मला वाटलं होतं, हवालदार येईल, दटावून हाकलून देईल. शहराने माणसं ठेवली आणि बाक काढला.

आता म्हाताऱ्या बापापुढे जाऊन हे सांगणं आलं. मी नानांच्या खोलीत गेलो आणि कागद त्यांच्या मांडीवर ठेवला.

नानांनी तो उघडलाच नाही. "माहीत आहे मला," ते म्हणाले.

"काय माहीत आहे?"

"बाक कापायला आले तेव्हा आम्ही तिथेच बसलो होतो. त्यांच्या मुकादमाने कागद दाखवला. सुताराला चष्म्याशिवाय दिसत नाही, पण कंपाउंडरने वाचला. घर क्रमांक वाचून माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, नंबर चुकीचा छापलाय. आमच्या घरात असं लिहिणारं कुणी नाही."

मी पलंगाच्या काठावर बसलो. "आम्ही म्हणजे कोण?"

"सुतार, कंपाउंडर आणि मी. सहा वर्षं बसतोय. ती वेगळ्या रंगाची पट्टी सुतारानेच बसवलेली."

"आणि बाग?"

"बागेत मी सहा वर्षांत गेलेलो नाही. पावलं एकदाच मोजली होती."

मला एवढंच विचारायचं राहिलं होतं, आणि ते विचारू नये असं वाटत होतं. "नाना, ते खोकत-खोकत हसायचं कोण?"

नाना खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मी."

"मला तुमचा आवाज ओळखू कसा आला नाही?"

"घरात तू ऐकलायस कधी?" त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. घड्याळात बिघाड कुठे आहे ते गिऱ्हाइकाला सांगावं तसं ते सांगत होते. "मी परत यायचो तेव्हा तू तोंड वाकडं करून आवरत असायचास. आधी कुत्रा, मग टाकी, मग पानं. आता त्यात मी कुठे हसू?"

दारात बायको उभी होती. ती एरवी अशा वेळी बोलल्याशिवाय राहत नाही. त्या दिवशी तिने हातातलं भांडं अलगद खाली ठेवलं, याचा मला जास्त त्रास झाला. इतके दिवस मी ज्याला शोधत होतो, नानांसमोर उभा करणार होतो, तो त्यांच्यासमोर बसला होता आणि मला त्याला चार शिव्याही देता येत नव्हत्या. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, पण मी तर दाखवलेल्या हातावर पाच तारे काढून दिले होते.

दुसऱ्या दिवशी मी साडेपाचला उठलो. उरलेल्या दोन खुर्च्या आणि ओट्याजवळचं स्टूल बायकोने आधीच दाराशी आणून ठेवलं होतं. म्हणाली, "या गेल्या तर जमिनीवर बसून जेवू. घरात तरी रुग्णवाहिका येणार नाही." मी आधी सामान खाली ठेवून आलो, मग नानांना हात दिला. पायांना सवय राहिली नव्हती. जिन्यात तीनदा थांबलो, फाटकापाशी एकदा. दोनशे पावलांना पंचवीस मिनिटं लागली. कठड्याच्या बाहेर मी खुर्च्या मांडल्या. "कृपया थांबू नका," शहाणा म्हणाला. मी म्हटलं, "तू गप रे!"

सुतार आणि कंपाउंडर पलीकडच्या फाटकाशी घुटमळत होते. नानांना बघून ते काहीसे पळतच आले, जेवढं त्या वयात पळता येतं तेवढं. पण मला बघून दोघेही शहाण्या मुलांसारखे बसले. कुणी हवेबद्दल बोललं. कुणी गुडघ्याबद्दल बोललं. मी शेजारी उभा. पाच मिनिटं अशी गेल्यावर नाना मला म्हणाले, "खुर्च्या पंधरा मिनिटांत हलवायच्या ना? मी घड्याळ लावून चौदाव्या मिनिटाला हलवतो. तू वर जा."

"मी थांबतो की."

"तू वर जा," नाना पुन्हा म्हणाले.

मी वर आलो, खिडकी उघडी टाकली आणि पलंगावर आडवा झालो. बराच वेळ खालून काहीच ऐकू येईना. मग खुर्च्या सरकवल्याचा आवाज आला, सुतार काहीतरी बोलला, आणि एकदम हसणं फुटलं, आधी एकाचं, मग सगळ्यांचं. माझा मोबाइल थरथरला. शहाण्याचा संदेश होता, 'आपल्या परिसरात आवाजाची पातळी वाढली आहे. आपण यापूर्वी अशी तक्रार केली आहे. पुन्हा नोंदवायची आहे का?'

मी मोबाइल उशीखाली दाबला. खाली एकाला हसता-हसता खोकला लागला होता, आणि तो खोकून झाल्यावर पुन्हा हसतो का, हे ऐकत मी तसाच पडून राहिलो.